एका डोंगराची दोन नावे

गावाच्या वेशीवर कोणत्या भाषेत नाव लिहावे, हा प्रश्न सीमाभागातील मराठी माणसाला नवा नाही. १ नोव्हेंबर १९५६ पासून आपल्या तीन पिढ्या या प्रश्नासोबत जगत आल्या आहेत. फलक लागतो, उतरवला जातो, त्याला काळे फासले जाते, पुन्हा रंगवला जातो. त्यावर सभा होतात, मोर्चे निघतात, खटले भरले जातात. हे सारे सोसताना, असा प्रश्न जगात केवळ आपल्याच वाट्याला आला आहे, अशी एक समजूत आपल्यात रुजली आहे. ती खरी नाही. भाषा विशेषांकाच्या निमित्ताने आम्ही आज वाचकांना हजारो मैल दूरच्या एका लहानशा गावाकडे नेऊ इच्छितो. हे गाव पोलंडमध्ये आहे, त्याच्या वेशीवर दोन भाषांत नाव लिहिलेले आहे, आणि त्या दोन ओळींच्या फलकामागे तीनशे वर्षांची कहाणी आहे.

पोलंड हा देश आपल्या मुलखाला अगदीच अपरिचित नाही. कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती, हे जुन्या मंडळींना ठाऊक आहे. त्यांत बहुतांशी स्त्रिया आणि मुले होती. पूर्व पोलंडमधील आपल्या गावांतून सोव्हिएत सत्तेने त्यांना उचलून सायबेरियाकडे धाडले होते. महायुद्ध संपले तेव्हा त्यांची गावे सोव्हिएत संघात गेली होती, म्हणून त्यांतील बहुतेकांना घरी परतता आले नाही. पोलंडचा पूर्वेकडील मुलूख गेला आणि त्याच्या बदल्यात पश्चिमेकडील जर्मन मुलूख त्याला मिळाला. नकाशावर संपूर्ण देशच पश्चिमेला सरकला. आम्ही ज्या गावाबद्दल लिहीत आहोत ते या दुसऱ्या बाजूचे, म्हणजे १९४५ पर्यंत जर्मनीत असलेल्या आणि नंतर पोलंडमध्ये आलेल्या मुलखातील आहे.

डोंगर आणि त्याची पंचक्रोशी

या गावाचे पोलिश नाव गुरा श्व्हेंतेय आन्नी आणि जर्मन नाव सांक्ट आन्नाबेर्ग. दोहोंचा अर्थ एकच : संत ॲनचा डोंगर. संत ॲन ही येशूची आजी, मेरीची आई. अप्पर सायलेशिया या प्रांतात, ओपोले शहराच्या आग्नेयेला, ओडर नदीच्या खोऱ्याकडे पाहणारा हा डोंगर समुद्रसपाटीपासून चारशे मीटरपेक्षा किंचित उंच आहे. आपल्या सह्याद्रीच्या हिशेबाने ही टेकडीच म्हणावी लागेल. परंतु भोवतालचा प्रदेश सपाट असल्याने ती दूरवरून दिसते आणि नजरेत भरते. डोंगराचा गाभा विझलेल्या ज्वालामुखीचा आहे. आपल्या घाटमाथ्यावर जो काळा बेसाल्टचा कातळ आहे, त्याच जातीचा दगड तेथे चुनखडीच्या थरांतून वर आलेला आहे. चुनखडी विपुल असल्याने या भागात चुन्याच्या भट्ट्या आणि खाणी जुन्या काळापासून चालत आल्या. उतारावर बीचची जंगले आणि खाली शेती. पलीकडे ओडरच्या काठी कारखाने. डोंगराच्या पायथ्यालगत आज मोठा राजमार्ग जातो.

माथ्यावरच्या गावाची वस्ती हजाराच्याही आत आहे. तिकडे अनेक गावे मिळून एक ‘ग्मिना’ होते, आपल्या ग्रुप ग्रामपंचायतीपेक्षा काहीशी मोठी. हे गाव लेश्नित्सा नावाच्या लहान शहराच्या ग्मिनेत येते. पंचक्रोशीतील माणसे पिढ्यान्पिढ्या घरात जी बोली बोलत आली ती पोलिशच्या कुळातील, पण जर्मन शब्दांनी भरलेली. शाळेत, कचेरीत, सैन्यात मात्र जर्मन. या बोलीला जर्मन लोक तुच्छतेने ‘पाणी घातलेली पोलिश’ म्हणत, आणि वॉर्सातल्या शिष्टांनाही ती अशुद्ध वाटे. बेळगाव-खानापूरकडची मराठी ऐकून पुण्या-मुंबईत ज्यांना हसू येते, त्यांच्याशी गाठ पडलेल्या आमच्या वाचकांना हे अधिक सांगायला नको.

देवस्थान दोघांचे

डोंगरावर पंधराव्या शतकाच्या अखेरीस संत ॲनचे देऊळ उभे राहिले. लाकडात कोरलेली तिची लहान मूर्ती आजही तेथे पूजिली जाते. १६५५ साली पोलंडवर स्वीडिश आक्रमण झाले. त्या वेळी तेथील फ्रान्सिस्कन साधू येथे आले आणि गाशिन नावाच्या सरदार घराण्याच्या आश्रयाने त्यांनी मठ वसवला. अठराव्या शतकाच्या आरंभी याच घराण्याने डोंगराच्या उतारांवर येशूच्या अखेरच्या यात्रेतील प्रसंगांची छोटी छोटी देवळे बांधली. तेव्हापासून हे स्थान सायलेशियातील सर्वांत मोठे यात्रेचे ठिकाण झाले.

या यात्रेची एक रीत आम्हांला फार महत्त्वाची वाटते. यात्रेकरू पोलिश बोलणारे असत तसेच जर्मन बोलणारेही असत. त्यामुळे डोंगरावर पोलिश भाषेतील यात्रा वेगळी आणि जर्मन भाषेतील यात्रा वेगळी भरे. प्रवचने आणि गाणी ज्याच्या त्याच्या भाषेत होत. मूर्ती एक, मठ एक, वाट एक. पंढरपूरला मराठी दिंड्यांबरोबर कर्नाटकातील दिंड्याही जातात, आणि विठोबाने आजवर कोणाला भाषा विचारलेली नाही. आन्नाबेर्गच्या डोंगरावरही शतकानुशतके हेच चालले होते.

भाषेचा प्रश्न देवळातून आला नाही, तो दरबारातून आला. सायलेशिया कधी पोलिश राजवंशाच्या शाखांकडे, कधी बोहेमियाकडे, १५२६ पासून ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग घराण्याकडे होता. १७४० नंतरच्या युद्धांत प्रशियाच्या दुसऱ्या फ्रेडरिकने तो जिंकला. तरीही बराच काळ शेतकरी कोणती भाषा बोलतो याची राजाला फिकीर नव्हती. सारा वसूल झाला म्हणजे झाले. १८७१ साली जर्मनीचे एकीकरण झाले आणि चित्र बदलले. बिस्मार्कच्या राजवटीत कॅथलिक धर्मसंस्थेशी सरकारचा झगडा सुरू झाला, त्याच दशकात प्राथमिक शाळांतून पोलिश भाषा काढून टाकण्यात आली आणि १८७५ साली मठातील साधूंनाही डोंगर सोडावा लागला. ते १८८७ साली परत आले. शाळेतली पोलिश मात्र परत आली नाही. ज्या शेतकऱ्याला आपण ‘पोलिश’ आहोत की ‘जर्मन’ असा प्रश्नच कधी पडला नव्हता, त्याला तो सरकारने पाडला.

कौल आणि रणांगण

पहिल्या महायुद्धात जर्मनी हरला, पोलंड पुन्हा स्वतंत्र झाला. अप्पर सायलेशिया कोणाचा, हे ठरवण्यासाठी २० मार्च १९२१ रोजी सार्वमत घेण्यात आले. सुमारे ७ लाख ७ हजार मते जर्मनीला आणि ४ लाख ७९ हजार मते पोलंडला पडली. या डोंगराचा भाग ज्या ग्रोस श्ट्रेलिट्झ जिल्ह्यात येत होता तेथे तर मते जवळपास निम्मी-निम्मी विभागली गेली. वाचकांनी याचा अर्थ नीट ध्यानी घ्यावा. एकाच बोलीची, एकाच देवळात जाणारी, एकाच चुलीवर जेवणारी माणसे दोन पेट्यांत विभागली गेली. भाऊ एका बाजूला, भावजय दुसऱ्या बाजूला. कित्येकांनी भाषा पाहून नव्हे, तर पोट, नोकरी, जमीन आणि धर्म पाहून मत दिले. तिसरी पेटीच नव्हती.

सार्वमताने वाद मिटला नाही. मे १९२१ च्या आरंभी वोयचेख कोर्फांती यांच्या नेतृत्वाखाली पोलिश पक्षाने सशस्त्र उठाव केला आणि हा डोंगर ताब्यात घेतला. २१ मे रोजी जर्मन स्वयंसेवक दलांनी, त्यांत बव्हेरियाहून आलेल्या टोळ्याही होत्या, हल्ला करून तो परत घेतला. अखेर राष्ट्रसंघाने प्रांताची वाटणी केली. कोळशाच्या खाणींचा बराचसा भाग पोलंडकडे आणि हा डोंगर जर्मनीकडे राहिला. मात्र मे १९२२ मध्ये जिनिव्हा येथे दोन्ही देशांनी पंधरा वर्षांचा करार केला आणि त्यात दोन्ही बाजूंच्या अल्पसंख्याकांना आपल्या भाषेच्या शाळांचा हक्क मान्य केला. असा हक्क कागदावर येणे ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती. १९३७ साली करार संपला, आणि ज्यांना तो नकोसा होता त्यांनी सुटकेचा नि:श्वास टाकला.

स्मारकांची चढाओढ

येथून पुढे डोंगराचे जे झाले ते आम्हांला सर्वांत उद्बोधक वाटते. नाझी सत्तेने १९३४ ते १९३८ या काळात जुन्या चुनखडीच्या खाणीत हजारो माणसे बसतील असे दगडी प्रेक्षागार बांधले, आणि त्याच्या माथ्यावर १९२१ च्या लढाईत पडलेल्या जर्मन सैनिकांसाठी किल्ल्यासारखे समाधिस्मारक उभारले. यात्रेच्या डोंगरावर आता मिरवणुका निघू लागल्या त्या झेंड्यांच्या. त्याच सुमारास गावांची नावे बदलण्याचा सपाटा सुरू झाला. स्लाव्ह वळणाची नावे जर्मन कानाला खुपतात म्हणून ती काढण्यात आली. शेजारचे लेश्निट्झ हे शतकानुशतके जर्मन लोकही वापरत आलेले नाव. तेही ‘बेर्गश्टाट’ झाले. झिरोवा नावाचे गाव ‘बुखेनह्योऽ’ झाले, झ्दिएशोवित्से हे ‘ओडरटाल’ झाले. १९३९ मध्ये पोलिश भाषेतील प्रार्थना बंद पडल्या. युद्धकाळात याच डोंगरावर ज्यू बंद्यांची वेठबिगारीची छावणी होती.

१९४५ साली चक्र उलटे फिरले. जर्मन समाधिस्मारक सुरुंग लावून उडवण्यात आले. त्याच जागी १९५५ साली पोलिश उठावातील वीरांचे भव्य स्मारक उभे राहिले. त्याचे शिल्पकार क्सावेरी दुनिकोव्स्की हे स्वतः आउशवित्सच्या छावणीतून वाचलेले गृहस्थ. कलेच्या दृष्टीने ते काम थोर आहे, याबद्दल दुमत नाही. पण गावकऱ्याच्या दृष्टीने पाहिले तर एका सरकारने त्याच्या डोंगरावर एक दगड उभा केला, दुसऱ्याने तो पाडून आपला उभा केला, आणि दोघांपैकी कोणीही त्याला विचारले नाही.

१९४५ नंतर लाखो जर्मनांना या मुलखातून हाकलण्यात आले. पण अप्पर सायलेशियातील पुष्कळ लोक मागे राहिले. त्यांची ‘पडताळणी’ झाली : तुझे मूळ पोलिश आहे काय, पोलिश येते काय, पोलंडशी इमान राखशील काय? जर्मनीकडून आलेल्या सर्व प्रदेशांत मिळून सुमारे दहा लाख लोकांना असा राहण्याचा परवाना मिळाला. त्यांनी राहण्याची किंमत मोजली ती भाषेने. जर्मन नावे आणि आडनावे बदलण्यात आली. दुकानांवरची, भिंतींवरची, इतकेच काय थडग्यांवरचीही जर्मन अक्षरे खरवडून काढण्यात आली. देशाच्या इतर भागांत जर्मन ही परकीय भाषा म्हणून शिकता येत असे. ओपोलेच्या मुलखात मात्र ती शाळेत शिकवलीच जात नसे. रस्त्यावर जर्मन बोलणाऱ्याला दंड होई. हे १९८९ पर्यंत, म्हणजे चव्वेचाळीस वर्षे चालले.

जर्मन सत्तेने पोलिश मोडून काढण्यासाठी जे केले, तेच पोलिश सत्तेने जर्मन मोडून काढण्यासाठी केले. दोन्ही वेळी अन्याय तोच होता आणि दोन्ही वेळी तो सोसणारी कुटुंबेही तीच होती. एखाद्या आजीने शाळेत पोलिश बोलली म्हणून मार खाल्ला असेल आणि म्हातारपणी जर्मन बोलली म्हणून दंड भरला असेल. सत्ताधाऱ्याची भाषा बदलली की अन्यायाचा न्याय होतो असे मानणाऱ्यांनी या आजीचा विचार करावा.

मूळ भाषेत प्रार्थना

१९८३ साली पोप दुसरे जॉन पॉल या डोंगरावर आले तेव्हा लाखोंचा समुदाय लोटला होता. पण जर्मन भाषेला उजाडायला आणखी सहा वर्षे लागली. ४ जून १९८९ रोजी, ज्या दिवशी पोलंडमध्ये कम्युनिस्ट राजवटीला धक्का देणारी निवडणूक झाली त्याच दिवशी, ओपोलेचे बिशप आल्फोन्स नोस्सोल यांनी या देवळात युद्धोत्तर काळातील पहिली जाहीर जर्मन प्रार्थना केली. ‘आमच्यात जर्मन उरलेलेच नाहीत’ असे सरकार चार दशके सांगत होते. ज्यांचे अस्तित्वच नाही, त्यांनी त्या दिवशी आपल्या भाषेत देवाला हाक मारली.

त्याच वर्षी नोव्हेंबरात पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर हेल्मुट कोल पोलंडला आले. पोलिश पंतप्रधान तादेउश माझोव्हिएत्स्की यांच्यासह त्यांनी या डोंगरावर प्रार्थनेला यावे असा विचार पुढे आला होता. परंतु १९२१ च्या आठवणींमुळे पोलंडमध्ये त्याला विरोध झाला, आणि ती ऐतिहासिक प्रार्थना १२ नोव्हेंबर १९८९ रोजी क्शिझोव्हा या दुसऱ्या गावी झाली. डोंगरावरचा दगड अजून जड होता. तरी पुढची वाट मोकळी झाली. १९९० मध्ये सीमा अंतिम मानण्याचा करार झाला आणि १७ जून १९९१ रोजी शेजारधर्माचा करार झाला. त्यात सीमेला हात न लावता अल्पसंख्याकांच्या भाषेचे हक्क मान्य करण्यात आले. जर्मन समाजाच्या संस्था नोंदवल्या गेल्या, त्यांचे प्रतिनिधी १९९१ पासून २०२३ पर्यंत पोलिश संसदेत निवडून येत राहिले.

फलकाचा कायदा

६ जानेवारी २००५ रोजी पोलंडने राष्ट्रीय व वांशिक अल्पसंख्याकांचा कायदा केला. सीमाभागातील कार्यकर्त्यांनी त्यातील तरतुदी मुद्दाम समजून घ्याव्यात. ज्या ग्मिनेत अल्पसंख्याकांचे प्रमाण २० टक्के किंवा अधिक आहे, तेथे त्यांची भाषा कचेरीत सहायक भाषा म्हणून वापरता येते. अर्ज त्या भाषेत करता येतो आणि उत्तरही त्या भाषेत मागता येते. गावाचे दुसरे नाव फलकावर लावता येते. प्रमाण २० टक्क्यांपेक्षा कमी असेल तर रहिवाशांचा कौल घेऊन लावता येते. दुसरे नाव एकटे लावता येत नाही, ते पोलिश नावानंतरच यायला हवे. फलक बदलण्याचा खर्च सरकारी तिजोरीतून होतो. आणि सर्वांत मर्माची तरतूद अशी की, १९३३ ते १९४५ या काळात नाझी किंवा सोव्हिएत सत्तेने लादलेली नावे फलकावर येऊ शकत नाहीत. म्हणजे ‘लेश्निट्झ’ परत येऊ शकले, ‘बेर्गश्टाट’ नाही. लोकांनी पिढ्यान्पिढ्या उच्चारलेले नाव आणि सरकारने हुकमाने चिकटवलेले नाव यांत कायद्यानेच भेद केला. हा विवेक आम्हांला फार मोलाचा वाटतो.

२००८ पासून ओपोलेच्या मुलखात असे फलक उभे राहू लागले. त्यांना काळे फासण्याचे प्रकार तेथेही झाले आणि पुन:पुन्हा झाले. फलक पुन्हा रंगवले गेले. २०२२ साली मात्र घाव वर्मी बसला. जर्मनीतील पोलिश लोकांच्या भाषाशिक्षणावर तेथील सरकार पुरेसा खर्च करीत नाही, असे कारण देऊन पोलिश सरकारने अल्पसंख्याकांची भाषा म्हणून शिकवल्या जाणाऱ्या जर्मनचे आठवड्याचे तीन तास घटवून एक केले. अन्य कोणत्याही अल्पसंख्य भाषेला हात लागला नाही. सुमारे पन्नास हजार मुलांचे नुकसान झाले. ती मुले पोलंडची नागरिक, त्यांचे आईबाप पोलंडला कर देणारे. आणि रुसवा दोन राजधान्यांमधला. १ सप्टेंबर २०२४ पासून तीन तास पूर्ववत झाले, पण दोन शैक्षणिक वर्षे गेली ती गेलीच. आम्ही शिक्षकी पेशातली माणसे आहोत. आठव्या वर्षी चुकलेले दोन वर्षांचे वाचन दहाव्या वर्षी भरून काढताना काय यातायात होते, हे आम्ही जाणतो.

हक्क आला, भाषा कोठे?

येथवरची कहाणी ऐकून कोणी म्हणेल, अखेर विजय झाला. आम्ही इतके निश्चिंत नाही. २००२ च्या जनगणनेत पोलंडमध्ये सुमारे १ लाख ५३ हजार लोकांनी आपण जर्मन असल्याचे नोंदवले, २०११ मध्ये १ लाख ४८ हजार, २०२१ मध्ये १ लाख ४४ हजार. एकट्या ओपोले प्रांतात मात्र २००२ मध्ये एक लाखाच्या वर असलेली संख्या २०११ मध्ये ७८ हजारांवर आली आणि पुढे आणखी उतरली. पुष्कळ तरुण कामासाठी जर्मनीला गेले. आणि जे राहिले त्यांच्या घरात काय? ज्या आजीला जर्मन येत होती तिने भीतीपोटी ती मुलाला शिकवली नाही. मुलाला येत नाही म्हणून नातवाच्या कानावर पडली नाही. नातू आज शाळेत ती परकीय भाषेसारखी शिकतो. फलक लावायला एक दिवस पुरतो, पण तो सहज वाचणारा नातू घडवायला दोन पिढ्या लागतात. चव्वेचाळीस वर्षांच्या बंदीने फलकापेक्षा आईच्या तोंडची भाषा अधिक नेली.

आणि त्या जुन्या बोलीचे काय, जी धड जर्मन नाही आणि वॉर्साच्या मते धड पोलिशही नाही? २०२१ च्या जनगणनेत साडेचार लाखांहून अधिक लोकांनी घरात सायलेशियन बोलतो असे सांगितले. तिला प्रादेशिक भाषेचा दर्जा देणारा ठराव संसदेने केला, पण मे २०२४ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी तो अडवला. दोन मोठ्या भाषांच्या भांडणात गावाची खरी बोली उपेक्षितच राहिली.

आपल्यासाठी काय?

आपली आणि त्यांची स्थिती एकसारखी आहे, असे आम्ही म्हणत नाही. तेथे दोन राष्ट्रे होती आणि महायुद्धे होती. येथे एकाच देशातील दोन राज्ये आहेत आणि वाद न्यायालयात आहे. महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. त्याचा निकाल जो लागायचा तो लागेल. पण तोवर आणि त्यानंतरही आपल्या हाती काय आहे, याचा विचार आन्नाबेर्गच्या निमित्ताने व्हावा.

पहिली गोष्ट, भाषिक अल्पसंख्याकांचा हक्क म्हणजे सीमेचा वाद नव्हे. पोलंडने सीमा अंतिम ठरल्यावर हक्क दिले. आपल्या राज्यघटनेत तर ते १९५६ पासून आहेत : प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी, असे कलम ३५० अ सांगते. ज्या जिल्ह्यात किंवा तालुक्यात अल्पसंख्य भाषा बोलणारे १५ टक्के असतील तेथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही निघाव्यात, हे १९६१ साली मुख्यमंत्र्यांच्या परिषदेत मान्य झाले. पोलंडची अट २० टक्क्यांची, आपली १५ टक्क्यांची. कागद आपला अधिक उदार आहे. अंमल मात्र मागून घ्यावा लागतो. मागणी घोषणेत करून भागत नाही, ती लेखी अर्जाने, आकड्यांनिशी, पुन:पुन्हा करावी लागते. समितीच्या कामात आम्हांला याचा अनुभव आहे.

दुसरी गोष्ट, शेजाऱ्याच्या भाषेचा द्वेष करून आपली भाषा टिकत नाही. डोंगरावर एकाने दुसऱ्याचा दगड पाडला तेव्हा डोंगर कोणाचाच राहिला नाही. आज तेथे दरवर्षी जूनमध्ये अल्पसंख्याकांची यात्रा भरते आणि तिला पोलिश शेजाऱ्यांची आडकाठी नसते. आपल्या गावांतही कानडी घर आणि मराठी घर यांची भिंत एकच आहे. गावच्या फलकावर कन्नड असावी, तिच्याखाली मराठीही असावी, एवढेच आपले म्हणणे आहे, आणि ते वाजवी आहे.

तिसरी आणि आमच्या मते मुख्य गोष्ट शाळेची. सायलेशियातील आजीला भाषा देण्याची बंदी होती. आपल्याला ती नाही. सीमाभागातील मराठी प्राथमिक शाळा आजही उभ्या आहेत, पण त्यांच्या पटावरील नावे दरवर्षी घटत आहेत. त्यांतील किती नावे सरकारने कमी केली आणि किती आपणच इंग्रजी माध्यमाच्या गाडीत बसवून धाडली, हे प्रत्येक पालकाने स्वतःशी पाहावे. काळ्या दिनाच्या फेरीत भगवा ध्वज धरणाऱ्या हातानेच मुलाचा दाखला मराठी शाळेतून काढला, तर फलकासाठीचा लढा आपण कोणासाठी लढतो आहोत? इंग्रजी शिकवावी, कन्नड तर अवश्य शिकवावी. पण पहिली अक्षरे आपल्या भाषेतली असावीत, घरी वृत्तपत्र मोठ्याने वाचले जावे, आजीच्या ओव्या नातीच्या कानावर पडाव्यात.

जूनमध्ये शाळा सुरू होतील. प्रत्येक गावातील मराठी शाळेच्या सुधारणा समितीने एप्रिलमध्येच घरोघर जाऊन पहिलीच्या मुलांची यादी करावी, शिक्षकांची रिक्त पदे लेखी कळवावीत आणि ग्रामपंचायतीत दुभाषी फलकाचा ठराव मांडावा. ही तिन्ही कामे एका महिन्यात होण्याजोगी आहेत आणि त्यांसाठी कोणत्याही निकालाची वाट पाहावी लागत नाही. सीमाभागातील सुज्ञ पालक आणि कार्यकर्ते यंदा त्यांना हात घालतील, अशी आमची अपेक्षा आहे.